ड्रम नवा करायचा, की दोष शोधायचा?

"मॅडम, ड्रम नव्यानं डिझाईन करून द्या. अब्बांचं जुनं डिझाईन आता चालत न्हाई."

आष्ट्याच्या वर्कशॉपमध्ये सलीम मला सांगत होता. त्याचे वडील, हमीदचाचा, शेजारीच स्टुलावर बसून ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

मी सांगलीत मशीन डिझाईनची कामं करते. हे बापलेक हळद पॉलिश करायचे ड्रम बनवतात. शिजवून वाळवलेली हळकुंडं जाळीच्या मोठ्या पिंपात फिरवली की एकमेकांवर घासून साल निघते आणि पिवळा रंग उघडा पडतो. हे पिंप ज्या लोखंडी दांड्यावर फिरतं, तो शाफ्ट. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या खळ्यावर चालू मशीनचा शाफ्ट तुटला. ड्रम खाली आदळून घरंगळत गेला. हळद भरणारी बाई पाणी प्यायला बाजूला गेली होती, म्हणून वाचली.

"शाफ्ट का तुटला?" मी विचारलं.

"डिझाईन जुनं हाय, म्हणून."

"हा अंदाज झाला. कारण माहीत आहे का?"

सलीमनं नकारार्थी मान हलवली.

आमच्या कामात प्रोजेक्टचे प्रकार असतात. नवीन डिझाईन म्हणजे गरज काय ती ठरवायची आणि कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची. सुधारणा म्हणजे चालणारं मशीन घेऊन ते अजून चांगलं करायचं. तिसरा प्रकार दोष शोधण्याचा. त्यात आधी काहीच बदलायचं नसतं, मोडलेली वस्तू नुसती बघायची असते. उद्देश वेगळा, म्हणून पद्धतही वेगळी. हे मी सलीमला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "नाव काय बी द्या मॅडम, हंगाम चालू झालाय."

मी तुटलेला तुकडा मागितला. तुटलेलं टोक साफ करून भिंगातून पाहिलं. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत होता आणि त्यावर शिंपल्यासारख्या रेषा होत्या. म्हणजे शाफ्ट एका झटक्यात तुटला नव्हता. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसा तो हळूहळू चिरत गेला होता. चीर सुरू झाली होती ड्रम फिरवणाऱ्या गिअरमोटरच्या बाजूला, चावी बसवायच्या खाचेपासून. चावी म्हणजे मोटर आणि शाफ्ट एकमेकांत अडकवणारा लोखंडी तुकडा.

"गिअरमोटर पहिल्यापासून आहे?"

"न्हाई. आधी मोटर आन् शाफ्टच्या मधी पट्टा होता. पट्टा सरकतो, ताकद वाया जाते, म्हणून मीच डायरेक्ट मोटर बसवली."

"पट्ट्याच्या मशीनचा शाफ्ट कधी तुटला होता?"

सलीमनं वडिलांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, "माझ्या तरी ऐकण्यात न्हाई."

आता उलगडा झाला. भरलेला ड्रम सुरू होताना पट्टा थोडा सरकायचा आणि धक्का पचवायचा. डायरेक्ट मोटरमध्ये तो धक्का सरळ खाचेवर बसत होता, दर वेळी मशीन सुरू करताना. चाचांचं डिझाईन पट्ट्यासाठी बरोबर होतं. सलीमची मोटरही चांगली होती. दोन्हींची जोडणी चुकली होती.

"डायरेक्ट मोटरची अजून किती मशीनं बाहेर आहेत?"

"पाच."

"आजच फोन करा. सगळी बंद ठेवायला सांगा."

"आवं मॅडम, ऐन हंगामात? लोक माझं नाव टाकतील."

मी काही बोलायच्या आत चाचा उठले. "सलीम, फोन लाव. न्हाईतर मी लावतो."

सलीमनं माझ्यासमोरच एकेकाला फोन केला. दोघांनी शिव्या घातल्या. त्या ऐकून घेऊन त्यानं पुढचा नंबर लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाफ्ट तपासत फिरलो. लाल रंगाचं पातळ द्रव लावून पुसायचं आणि वर पांढरी पावडर मारायची. चीर असेल तर लाल रेघ उमटते. तीन मशीनं ठीक निघाली. चौथ्या ठिकाणी, उंब्रजजवळ, त्याच खाचेपाशी लाल रेघ उमटली. मशीनशेजारी दोन बायका हळद पाखडत होत्या. सलीमनं बाहेर जाऊन वडिलांना फोन केला. काय बोलला ते मी ऐकलं नाही.

पाचवं मशीनही ठीक होतं. तरी पाचही शाफ्ट बदलले. मोटर आणि शाफ्टच्या मध्ये धक्का पचवणारा रबरी जोड, म्हणजे कपलिंग, टाकला, खाचेचे कोपरे गोल केले. तेव्हापासून एकही शाफ्ट तुटलेला नाही.

नव्या ड्रमचं काम मी त्या दिवशी घेतलं असतं, तर ड्रम नक्की देखणा झाला असता. त्यावर तीच मोटर तशीच बसवली असती आणि तोही तुटला असता. 'नवीन डिझाईन करा' असं कुणी म्हणालं की आता मी आधी मोडलेला तुकडा घेऊन यायला सांगते. बरेच जण तो भंगारात घालून आलेले असतात.