छातीवरचे टाके

इतकी वर्षं लोटली, पण भूमच्या ठाण्यात आलेलं ते प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही. निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. मी तिथं फौजदार होतो.

सकाळची हजेरी चालू असताना तेरखेड्याच्या बाजूच्या एका गावातून माणसांचा घोळका आला. पुढं फटाक्यांच्या कारखान्यातला एक मुसलमान कारागीर होता. त्याच कारखान्यात कोळसा कुटणारा त्याचा थोरला भाऊ आदल्या दिवशी सरकारी दवाखान्यात दम लागून वारला होता.

"साहेब, मय्यतीला गुसल देताना, आंघोळ घालताना बघितलं," तो म्हणाला. "छातीवर टाके हायेत. डॉक्टरनं आम्हाला न इचारता भावाला फाडलं."

तक्रार मयताच्या विटंबनेची होती आणि बाहेर गर्दी वाढत होती. दफन उरकून घ्या, तपास मी करतो, असा शब्द देऊन मी त्यांना परत पाठवलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर तिशीचे, अबोल गृहस्थ. टेबलावरच काचेची बरणी होती. आत औषधात बुडवलेला फुफ्फुसाचा काळपट तुकडा.

"त्याच्याच छातीतला?"

"हो."

"कुणाच्या परवानगीनं?"

"परवानगी होती. कुणाची, ते सांगता येणार नाही."

एरवी मात्र ते मोकळेपणानं बोलले. कारखान्यात फटाक्यांच्या दारूसाठी कोळसा कुटणाऱ्या बहुतेकांना दम लागतो. क्षय समजून त्यांना सुया टोचतात, गुण येत नाही. डॉक्टर प्रत्येकाला नळीत फुंकायला लावून त्याचा श्वास मोजत होते. "पण छातीत नेमकं काय साठतं, ते कळल्याशिवाय औषध कसं बदलू?" ते म्हणाले.

अटकेची, नोकरी जाण्याची भीती घातली, तरी परवानगी देणाऱ्याचं नाव त्यांनी सांगितलं नाही. शेवटी त्यांना ठाण्यात आणून बसवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मयताची बायको ठाण्यात आली. नवरा गेल्यावर बाईनं इद्दत पाळायची, काही महिने घराबाहेर पडायचं नाही, अशी त्यांची रीत. तिला अडवायला निघालेला दीर, तोच तक्रार देणारा कारागीर, मागोमाग आला होता.

"डॉक्टरसाहेबाला सोडा," ती उभ्यानंच बोलली. "मालकांनीच सांगितलं होतं. म्हणले, माझा दम सरला, पर माझ्यासंगं कुटणारे हायेत. माझी छाती बघून त्यांना औषध मिळत असंल तर बघू द्या. म्या व्हय म्हणलं. सासरचे घरात ठेवणार न्हाईत म्हणून कुणाला सांगू नका, असं मीच डॉक्टरला म्हणले होते."

"भाभी, मला तरी सांगायचं," दीर हळूच म्हणाला.

"क्षय म्हणून तुम्ही त्यांच्या भांड्याला हात लावत नव्हता. तुम्हाला कसं सांगू?"

 दिरानं डॉक्टरांना विचारलं, "क्षयच होता का?"

"अजून माहीत नाही. तुकडा मोठ्या दवाखान्यात तपासायला पाठवतोय. काम झालं की तुमच्या हातात आणून देईन. दफन करा."

मी बाईचा जबाब घेतला आणि डॉक्टरांना जाऊ दिलं.

काही महिन्यांनी उत्तर आलं. क्षय नव्हता. कोळशाची धूळ फुफ्फुसात खोलवर बसली होती. त्यानंतर डॉक्टरांनी क्षय नसलेल्यांच्या सुया बंद केल्या, दम्याची औषधं सुरू केली आणि कारखान्याच्या मालकाच्या मागं लागून कोळसा ओला करून कुटायला लावला. कुणी ठणठणीत झालं नाही, पण रात्री बसून काढणारे कित्येक जण आडवे होऊन झोपू लागले. ती बरणी डॉक्टर स्वतः गावात घेऊन गेले. दिरानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि भावाच्या कबरीत तो तुकडा पुरला. मग तो डॉक्टरांना म्हणाला, "आता माझीबी छाती बघा."

गप्प बसणारा माणूस गुन्हा लपवतोय, असं आम्ही पोलीस धरून चालतो. तो डॉक्टर एका बाईला दिलेल्या शब्दासाठी गप्प होता. त्यानंतर कुणी तोंड उघडत नसलं की हा कुणाला सांभाळतोय, हे मी आधी शोधू लागलो. आणि धाडसाची गोष्ट निघाली की पकडलेल्या दरोडेखोरांच्या हकिगती मी सांगत नाही. त्या नवरा-बायकोची सांगतो.