जॅमच्या बाटलीतले दात

"मला डेंटलला जायचंय" हे वाक्य एकदा चारचौघांत बोलून बघा. पुढची दोन वर्षं किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही, ते घरपोच येतात. मी आणि माझी मैत्रीण प्रणाली बी.एस्सी.ला होतो, ते नुसतं घरी बसलेली मुलगी लोकांना बघवत नाही म्हणून. खरा अभ्यास चालायचा नीटच्या परीक्षेचा, आणि दोघींनाही पहिल्यापासून डेंटलच हवं होतं. यावर आजवर एकाही माणसाने विश्वास ठेवलेला नाही.

*

आमचा क्लास तुळिंजला. खाली मोबाईलची दुकानं, वर भावी डॉक्टर. पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून ध्येय विचारलं. सगळे म्हणाले एमबीबीएस. मी म्हटलं, डेंटल.

"तो प्लॅन बी झाला," सर म्हणाले. "ए सांग."

"सर, ए हाच आहे."

"मग क्लास कशाला लावलास?"

वर्ग हसला. सर स्वतः इंजिनिअरिंग करून बायोलॉजी शिकवत होते. तो कितवा प्लॅन, हे मी विचारलं नाही, कारण वर्षभर तिथेच बसायचं होतं.

*

घरी याहून कठीण. आमची वसईला पानवेलींची वाडी आहे. बाबा मुंबईला नोकरी करतात, पण घरात शब्द मोठ्या काकांचा. काकांच्या तोंडात सकाळपासून पान-तंबाखू, खिशात चुन्याची डबी आणि खालच्या जबड्यात एक दाढ, जी मी शाळेत असल्यापासून दुखतेय. तिच्यावर ते लवंग दाबून धरतात आणि जगातल्या समस्त डेंटिस्टांना शिव्या घालतात.

"दात पाडायला पाच वर्षं शिकायचं?" काका म्हणाले. "आम्ही दोरा दाराला बांधायचो. खरी डॉक्टर होणार असशील तर वाटेल ते करून शिकवू. दातवाली व्हायचं असेल तर बी.एस्सी. पुरे झालं."

मी बाबांकडे बघितलं. बाबा पेपर वाचत होते. अशा वेळी त्यांना पेपरात नेहमीच फार महत्त्वाचं काहीतरी सापडतं. म्हणजे उद्या सीट मिळाली तरी काकांनी मान हलवल्याशिवाय मी घरातून हलणार नव्हते.

*

एका हळदीला विरारची मामी भेटली. माझा हात हातात घेऊन, कुणी गेल्यासारख्या आवाजात म्हणाली, "मेडिकलचं नाही का गं जमणार?"

"मामी, मला डेंटलच करायचंय."

"असू दे, असू दे. वाईट वाटून घेऊ नकोस."

एवढं सांत्वन झाल्यावर तिने मला मांडवाच्या ट्यूबलाइटखाली नेलं आणि तोंड उघडलं. "हे बघ, इथे मागे काळं दिसतंय?" माझ्या हातात पुलावाची प्लेट होती. मी म्हटलं, मी अजून परीक्षासुद्धा दिलेली नाही. तर म्हणे, नुसतं बघायला काय जातंय. तिच्यामागे आणखी दोघी उभ्या राहिल्या. डेंटिस्ट म्हणजे डॉक्टर नव्हे, पण फुकट असला तर चालतो.

*

प्रणालीचं घर अर्नाळ्याला. तिची आई बोंबील वाळत घालत होती. आमचं बोलणं ऐकून तिने विचारलं, "दातांचा डाक्टर येगला? मंग नखांचा कोन?"

"तो पन असतो, आई. चामडीवाला."

"मंग सगलं एकदमच शिकून घे ना. परत परत कोन जानार कालेजात?"

दोन वर्षांत मला मिळालेला हा सगळ्यात समंजस सल्ला. बाकीच्यांचे सल्ले बोंबलाबरोबर वाळत घालण्याच्या लायकीचे होते.

*

आमच्या आळीतली एक ताई बीडीएसला होती. तिने सांगितलं, कॉलेजात प्रॅक्टिसला माणसांचे काढलेले खरे दात लागतात आणि ते ज्याचे त्याने जमवायचे. किडका चालेल, पण मुळं शाबूत हवीत. आम्ही लगेच जॅमची रिकामी बाटली धुऊन बाहेर पडलो.

पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं कॉलेज?" आम्ही म्हटलं, अजून कुठलंच नाही. "मग आधी सीट आणा," म्हणाले. दुसरीकडच्या रिसेप्शनिस्टला वाटलं, आम्ही तक्रार घेऊन आलोय. तिने डॉक्टर बाहेर गेल्याचं सांगितलं, आणि आतून डॉक्टरांचाच आवाज येत होता. तिसऱ्यांनी मोठ्या मनाने एक दाढ दिली. प्रणालीने ती उजेडात धरून बघितली.

"सर, हिचं मूळ तुटलंय."

डॉक्टर लालबुंद झाले. "पेशंट धडधाकट घरी गेला ना? मग झालं."

*

थोडेफार दात जमले. आईने ती बाटली लोणच्याजवळ ठेवू दिली नाही म्हणून खिडकीत ठेवली, आणि तिथे ती काकांना दिसली.

"कुणाचे हे?"

"माहीत नाही. कॉलेजात लागतील."

"म्हणजे डॉक्टर व्हायच्या आधी दारोदार दात मागायचे?"

मी चिडून सगळं सांगितलं. मुळं मोडलेला दात चालत नाही, तेसुद्धा सांगितलं.

"मुळं शाबूत पाहिजेत. नखरे किती," म्हणाले आणि गालात लवंग सरकवून वाडीत निघून गेले.

*

निकाल लागला. प्रणालीचं पुढच्या राउंडवर लटकलं, मला डेंटलची सीट मिळाली. पहिला फोन सरांचा. "फ्लेक्सवर तुझा फोटो टाकतोय. खाली नुसतं मेडिकल लिहू, पब्लिकला डिटेल कशाला?" मी म्हटलं, डेंटल लिहा नाहीतर फोटो काढून टाका. त्यांनी फोटो काढून टाकला.

*

दुसऱ्या दिवशी कॉलेजात हजर व्हायचं होतं आणि काकांनी अजून होय म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. सकाळी कुणाला न सांगता ते बाजाराकडे गेले. आई माझी बॅग भरत होती आणि परत रिकामी करत होती. बाबा पेपर वाचत होते.

दुपारी काका आले. एक गाल सुजलेला, दातांखाली कापूस दाबलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता.  माझ्यासमोर उभे राहिले, खिशातून चुन्याची डबी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

मी डबी उघडली. आत दाढ होती, पानाने काळी पडलेली. मी ती उचलून उजेडात धरली. मुळं दोन होती, दोन्ही शाबूत.