मुकादमाची नक्कल

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या निलंग्याकडच्या गावाला खडी फोडायचं काम निघालं. मी मॅट्रिक झालेलो, तरी हातात हातोडाच. दुपारी सुकडी खाताना मी मुकादमाची नक्कल करायचो. कमरेवर हात, मान वाकडी, "समदे कामचोर हाईत!" बाया पोट धरून हसायच्या. सगळ्यांत जास्त हसायची माझी धाकटी चुलती. माझ्याहून पाचेक वर्षांनीच मोठी, त्यामुळं आमचं बहीण-भावासारखंच होतं.

मग मुकादम आजारी पडला आणि साहेबांनी त्याची शिट्टी माझ्या गळ्यात घातली. झालं, स्वारी घोड्यावर. पहिले दोन दिवस मी नक्कलच करत होतो, शपथ. पण कमरेवरचा हात कधी तिथंच राहिला ते कळलं नाही. कुणी दोनदा पाण्याला उठलं की मला ते माणूस खरंच कामचोर वाटायला लागलं. माझ्या हातांचे फोड अजून वाळले नव्हते, तरीसुद्धा.

एका सकाळी चुलतीचं तान्हं लिंबाखालच्या झोळीत रडायला लागलं. ती उठली. मी म्हणालो, "शिट्टीच्या आधी उठायचं न्हाई."

ती हसली. "लई हुबेहूब करायलास की रे."

तिला वाटलं, खेळ चाललाय. मी म्हणालो, "ए बाई, खाली बस."

ती बसली. लेकरू रडून रडून झोपलं, तिची चोळी पुढून ओली झाली आणि ती मान खाली घालून दगड फोडत राहिली. शिट्टी माझ्याच गळ्यात होती. वाजवली असती तर मला कोण विचारणार होतं? सांगायला लाज वाटते, पण तेव्हा वाटलं, मी नियमानं वागलो.

मुकादम बरा होऊन आला, शिट्टी परत गेली. माझ्या अंगात शिरलेला मुकादम काही निघाला नाही. पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला, मला नव्या कचेरीत नोकरी लागली आणि खिडकीपुढची रांग बघून माझ्या मनात 'कामचोर' हाच शब्द यायचा. एके दिवशी माझी मलाच किळस आली. चुलतीची माफी मागायची ठरवून रविवारच्या एसटीनं गावी गेलो.

ती ज्वारी निवडत होती. मला बघून उठली, डोक्यावर पदर घेतला, घोंगडं अंथरलं. "बसा साहेब," म्हणाली आणि भिंतीशी उभी राहिली.

मी बसलो. माफी राहिली बाजूला. तोंडून निघालं ते एवढंच, "कचेरीत काही काम असलं तर सांगा."