चर्चमधला भाता

दादा मुंबईत भाता ओढतो एवढंच कळलं, आणि आमच्या कापडे गावातल्या लोकांनी त्याला लोहार ठरवून टाकलं. कुणब्याचं पोर लोहारकीला लागलं म्हणून आईला टोमणे खावे लागले. शिमग्याला तो घरी आला तेव्हा उलगडा झाला. मुंबईच्या कोट भागातल्या गोऱ्यांच्या मोठ्या चर्चमध्ये छताला टेकलेला, नळ्यानळ्यांचा एक बाजा होता. त्याच्या मागच्या सांदीत उभं राहून, दांडा वरखाली करत, दादा त्यात वारा भरायचा.

“साहेब नुस्ती बोटं फिरवतो, आये. वारा माझा असतो.”

थंडीत तिथे गाण्याबजावण्याचे जलसे व्हायचे, चित्रांचं प्रदर्शनही भरायचं. लोक टाळ्या वाजवायचे साहेबासाठी, आणि दादा मागे भिंतीकडे तोंड करून घाम पुसायचा. हे तो हसत हसत सांगायचा. मला मात्र तेव्हाही राग यायचा.

पुढच्या पावसाळ्यात तो तापाने गेला. निरोप पोचला तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. त्याचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता.

वरीस उलटलं. एके दिवशी तांदूळ पाखडताना आईचं सूप थांबलं. “त्याचं तोंड मला आठवत नाय गो,” ती म्हणाली.

मी तिला दादाचं नाक सांगितलं, हनुवटीवरचा देवीचा वण सांगितला. ती मान हलवत राहिली, पण तिला काही दिसत नव्हतं. पोर गेलं ते गेलं, आता त्याचं तोंडही चाललं होतं.

भातकापणीला आमचा एक गाववाला आला. तो त्याच चर्चमध्ये झाडलोट करायचा. “तो व्हता तवा तिथल्या एका मड्डमनं त्याचं चित्र काढल्यालं हाय,” तो म्हणाला. “औंदा जलशाच्या टायमाला लावणार हायेत.” आईने त्याला पुढचं बोलू दिलं नाही. कधी निघायचं, एवढंच विचारलं.

दासगावच्या बंदरातून आम्ही बोटीने मुंबईला निघालो. वाटभर आई खुशीत होती. कितीतरी दिवसांनी तिने केसांना तेल लावलं होतं.

लोक जमण्याआधी गाववाल्याने आम्हाला बाजूच्या दाराने आत घेतलं. संध्याकाळच्या जलशाची तालीम चालू होती. बाजा घुमत होता. मागे आता दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता.

चित्र खांबाला टेकवून ठेवलं होतं. दांडा, त्यावरचे दोन हात, घामाने भिजलेली बंडी आणि मान. दादाच होता, पण पाठमोरा.

मला त्या मड्डमचा असा संताप आला! पुढे भिंत होती, तिला तरी तोंड कुठून दिसणार, हे समजत होतं. तरी आला.

आई चित्राजवळ गेली. मग तिने चौकटीची कड धरली, चित्र जरासं पुढे ओढलं आणि वाकून मागे पाहिलं. मागे कोरी फळी होती. तिने चित्र होतं तसं हळूच टेकवलं. मी तोंडात पदर कोंबला.

घरी परतलो तर बायका अंगणात वाट बघत बसलेल्या. “दिसला का गो ल्योक?”

“दिसला,” आई म्हणाली. “कामात व्हता.”