आमच्याकडे शुटकी खात नाहीत

दोन वर्षं मला काही खावंसं वाटलं नव्हतं. आई ताट वाढायची, मी ते संपवायचो, आणि काय खाल्लं ते विचारलं तर सांगता यायचं नाही. नैराश्यावरच्या बाकीच्या औषधांनी हात टेकले तेव्हा डॉक्टरांनी एक जुनी गोळी काढली, एमएओआय गटातली. ती घेणाऱ्याने मुरलेलं, आंबवलेलं, वाळवलेलं खायचं नाही, नाहीतर रक्तदाब एकदम चढतो. जुनं चीज, सोया सॉस, बिअर, शुटकी बंद. सर्दीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

आई निर्धास्त झाली. यातलं आमच्या घरात काहीच येत नव्हतं. शुटकी म्हणजे शेजारच्या बंगाली मासीमांकडची वाळवलेली मासळी. ती शिजायला लागली की आई खिडक्या लावून घ्यायची आणि ही माणसं खातात तरी कशी, असं मला विचारायची.

महिन्याभराने गोळी लागू पडली. एका रविवारी मी विचारलं, "आई, बोंबील आहेत का गं?"

मावशीने रत्नागिरीहून पाठवलेले सुके बोंबील डब्यात होते. आईने भरपूर लसूण घालून कालवण केलं. मी दोनदा भात घेतला. ती समोर बसून बघत राहिली, स्वतः जेवलीच नाही.

थोड्या वेळाने डोकं ठणकू लागलं, मान ताठली, छाती धडधडायला लागली. टॅक्सी करून खिदिरपूरचं नर्सिंग होम गाठलं. नर्सने रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला, डॉक्टरांना बोलावणं पाठवलं आणि गोळीचं नाव ऐकून आईला विचारलं, शुटकी खाल्ली का.

आई दुखावली. "हम लोग शुटकी नहीं खाते, सिस्टर. घर का खाना खाया है."

"घर में क्या बना था?"

"बोंबील."

"वो क्या होता है?"

आईने हाताने लांबी दाखवली. मग दोरीवर वाळत घालतात तशी खूण केली. हात तसाच वर राहिला.

संध्याकाळपर्यंत रक्तदाब उतरला. डॉक्टर म्हणाले, ही गोळी थांबवलेली बरी. आईने आजवर कुठल्या डॉक्टरला उलट उत्तर दिलं नव्हतं.

"गोली बंद मत कीजिए," ती म्हणाली. "बोंबील मैं फेंक दूँगी. इसने कितने दिनों बाद मुँह से कुछ माँगा है."

डॉक्टरांनी केसपेपर पुन्हा हातात घेतला. मी खाटेवर पडून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते नाही म्हणतील, याची मला भयंकर भीती वाटत होती.