जयपूरला बसून पाहिलेली टेस्ट

पुण्याहून जयपूरची गाडी सुटली तेव्हा आमचे हे सीटखाली बॅगा सरकवत होते आणि मी त्यांना शेवटचं बजावत होते.

"हे बघा, मी किल्ले बघायला येत नाहीये. हवामहल वाटेत दिसला तर दिसला. मी टेस्ट बघायला येतेय. पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत. मधे मला कुणी उठवायचं नाही."

"बरं बाई," हे म्हणाले. समोरच्या सीटवरच्या काकू हसल्या. त्यांना वाटलं असेल, काय ही बया! पण त्यांना आमचं घर माहीत नव्हतं.

आमच्या कराडच्या घरात सामना लागला की यांचे मित्र, माझे दीर, शेजारचे दोघं-तिघं असे सगळे टीव्हीपुढे ठाण मांडायचे. मलाही क्रिकेटचं वेड, भावांबरोबर गल्लीत खेळलेली मी. पण कधीतरी मी चहा टाकायला आत गेले आणि विकेट पडली. पुन्हा गेले, पुन्हा पडली. झालं! तेव्हापासून समोरची जोडी जमली की दीर म्हणायचे, "वहिनी, जरा आत जा बरं, विकेट हवीय." आणि मी जायची! आतून आरडाओरडा ऐकू आला की कणकेच्या हातांनी धावत बाहेर, "कोण गेलं? कसं गेलं?" तर हे हात वर करून म्हणायचे, "थांब, रिप्ले दाखवतील." तोवर जाहिरात लागलेली. चाळीस वर्षं मी विकेटा कानांनी पाहिल्या.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर यांनी विचारलं, "आता सवड आहे, कुठे जाऊ या? चारधाम?" मी म्हटलं, "मला एक अख्खी टेस्ट दाखवा, मैदानात बसून." बांगलादेशचा संघ दौऱ्यावर येणार होता आणि यांचा भाचा नितीन रेल्वेत सिग्नलच्या खात्यात, बदली होऊन जयपूरला होता. त्यानेच तिकिटं काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सवाई माधोपूर गेलं आणि खिडकीबाहेर मोहरीची पिवळी शेतं लागली. मधे मधे खेजडीची (म्हणजे आपली शमी) छाटलेली झाडं. हवा कोरडी, ओठ फुटायला लागलेले. जयपूरला उतरलो तर नितीन स्टेशनवर हजर. वाकून नमस्कार करत म्हणाला, "मामी, परवा मॅच सुरू. उद्या आमेर करू या ना!"

आता यजमानाचं मन मोडवेना. आमेर केलं. किल्ला मोठा देखणा, आरशांच्या महालात मी आ वासून उभी राहिले हे कबूल. पण मनात एकच, उद्या टॉस कोण जिंकणार.

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये नितीनची बायको मेघा मूळची अकोल्याची. तिने रात्री बाजरीच्या पिठाचं थालीपीठ आणि लसणाची लालभडक चटणी केली. त्यांची मुलगी चिनू कॉलेजात जाते. मराठी समजतं, बोलताना अडखळते. ती डोळे मोठे करून म्हणाली, "आजी, मतलब तुम्ही पाच दिवस एकच मॅच बघणार? आणि शेवटी ड्रॉ झाली तर?"

"झाली तर झाली. मी ड्रॉ बघेन."

सकाळी रिक्षाने सी-स्कीम भागातून स्टेडियमकडे निघालो. थंडी चांगलीच होती, मी स्वेटरवर शाल घेतलेली. रिक्षावाले भैया आरशातून बघत म्हणाले, "माताजी, पाँचों दिन जाओगी? इतने में तो आदमी पुष्कर होकर आ जाए!"

"पुष्कर कहीं भागता है क्या भैया? मॅच भाग जाती है," मी म्हटलं. माझं हिंदी हे असं, पण काम भागतं.

गेटवर पहिला फटका बसला. मी मेथीच्या लाडवांचा डबा नेलेला. तपासणीच्या महिला पोलिसाने तो हातात घेतला आणि मान हलवली. "डिब्बा अंदर नहीं जाएगा, माताजी." मी म्हटलं, डबा परत न्यायला गेले तर पहिला चेंडू चुकेल. "फिर आप ही खाइए," असं म्हणून तिच्या हातात डबा कोंबला आणि मी आत पळाले. हे मागून, "अगं, गुडघा! गुडघा सांभाळ!"

पहिला चेंडू पाहिला. ऑफ स्टंपच्या बाहेर होता, फलंदाजाने सोडून दिला. एवढंच. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? मैदान केवढं हिरवं असतं ते टीव्हीवर कळतच नाही. आणि चेंडू बॅटवर बसला की आवाज जरा उशिरा येतो, हेही मला नव्याने कळलं.

मग मी माझे नियम बांधले. पाणी बेताने. चहा फक्त चहापानालाच. उठायचं ते लंचला, चहापानाला आणि खेळ संपल्यावर. हे मधून मधून प्याज की कचौरी (कांद्याचं सारण भरलेली खुसखुशीत कचोरी) आणून द्यायचे, ती मी नजर मैदानावर ठेवून खायची. एकदा मिरची बडा (अख्ख्या मिरचीचं भजं) आणला, तर सगळी मिरची एका घासात गेली. नाकातोंडातून पाणी आलं, तरी षटक संपेपर्यंत मान वळवली नाही.

आमच्या मागच्या रांगेत गोपालपुऱ्याच्या होस्टेलवरची पोरं असायची, क्लासला दांडी मारून आलेली. आणि माझ्या उजव्या हाताला, एक खुर्ची सोडून, चितगावचे एक आजोबा. लाल-हिरवा मफलर, हातात कापडाचा छोटा वाघ. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांकडे नुसते बघायचो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेंगदाणे दिले. तिसऱ्या दिवशी आपल्या कप्तानाने सोपा झेल सोडला तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच "अरे रे!" केलं. त्यांचं अरे रे खोटं होतं, पण सभ्य माणूस.

असे चार दिवस गेले. एक चेंडू चुकवला नाही. पाचव्या दिवशी त्यांना जिंकायला अशक्य धावा हव्या होत्या, म्हणजे त्यांनी दिवसभर टिकून राहायचं आणि आपण त्यांना गुंडाळायचं. नितीनने रजा टाकली आणि तोही आमच्याबरोबर आला.

लंचपर्यंत त्यांचे पाचच गेलेले. एक उंच दाढीवाला आणि त्यांचा यष्टिरक्षक, दोघं खुंटा रोवून उभे. लंचला मी बायकांच्या बाथरूमच्या रांगेत लागले. रांग हलेना! एका नळाला पाणी नाही, एका दाराला कडी नाही. आतून मला टाळ्या ऐकू आल्या, खेळ सुरू झाल्याच्या. मग एकदम गर्जना! मी रांग टाकून जिन्याकडे पळाले. वर पोचले तर दाढीवाला पॅव्हेलियनच्या पायऱ्या चढत होता.

"कसा गेला?" मी नितीनला विचारलं. त्याने स्क्रीनकडे बोट दाखवलं. तिथे पंख्यांची जाहिरात चालू होती.

मला रडू फुटायचंच बाकी होतं. एवढा जिवाचा आटापिटा, आणि पुन्हा तेच! हे पाण्याच्या बाटल्या घेऊन माझ्यामागूनच आले, त्यांचाही तो चेंडू चुकला होता. मी खुर्चीत बसले, शाल आवळली आणि मनाशी म्हटलं, अख्खी टेस्ट तर गेली. पण आता शेवट बघितल्याशिवाय इथून उठले तर नाव नाही सांगणार.

चहापानाला मी चहाही घेतला नाही, जागची हललेच नाही. शेजारचे आजोबाही लंचपासून उठले नव्हते. "दीदी, हम उठेगा नहीं," ते वाघ छातीशी धरून हळूच म्हणाले. "हम उठता है तो हमारा विकेट जाता है." म्हणजे तिकडेही हीच तऱ्हा! मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

शेवटच्या तासात त्यांचा नववा गेला. आता शेवटची जोडी. यष्टिरक्षक आणि त्यांचा अकरावा, डोक्यावर हेल्मेट सैल बसलेला एक पोरगेला गोलंदाज. ऊन उतरलं, पंच सारखे हातातल्या यंत्रावर उजेड मोजायला लागले. त्यांनी कप्तानाला सांगितलं असावं, आता फक्त फिरकीच. षटकामागून षटकं गेली, पोरगं बॅट-पॅड जोडून नुसतं उभं. मागची पोरं नखं खात होती.

आणि इथे आमच्या नितीनने घात केला. वळून त्या पोरांना म्हणाला, "हमारी मामी हैं ना, ये उठकर जाती हैं तो विकेट गिरती है. दोपहर में भी वही हुआ. घर में तो बरसों से आजमाया हुआ है!"

झालं! पोरं हात जोडून उभी. "आंटीजी, प्लीज! बस दो मिनट बाहर जाइए!" दोन रांगा मागून कुणी ओरडलं, "माताजी, देश का सवाल है!" बघता बघता आमचा सगळा कोपरा माझ्याकडे बघायला लागला. चितगावचे आजोबा तेवढे कळकळून म्हणाले, "दीदी, बैठिए! आप बैठिए!" त्यांचं हित कशात होतं ते उघडच होतं.

"मामी, जा ना जरा," नितीन म्हणाला.

"नाही जाणार," मी म्हटलं. आवाज चढला माझा. "जन्मभर गेले. विकेट पडायची असेल तर माझ्या डोळ्यांदेखत पडेल. नाही तर नको पडू दे!"

पोरं हिरमुसली. कुणीतरी पुटपुटलं, हरलो तर आंटीमुळे. हरायचा प्रश्नच नव्हता, पण समजवणार कोण? मी यांच्याकडे पाहिलंच नाही. मला माहीत होतं, मैदानावर जोडी जमली की यांच्याही तोंडातून शब्द निघतोच. "आत जा गं."

हे उठले. टोपी सारखी केली आणि वळून पोरांना म्हणाले, "अरे बच्चों, भांजे ने गलत बताया. विकेट इसके जाने से नहीं, मेरे जाने से गिरती है. दोपहर में मैं भी तो बाहर था! पूछो."

"अहो!" मी म्हटलं. "शेवटची विकेट आहे. चुकेल तुमची."

"तू बस," हे म्हणाले. "मी जातो."

आणि गेले. तीन तास टीव्हीपुढून ज्याला जेवायला उठवता यायचं नाही, तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवत जिना उतरून दिसेनासा झाला. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर आपला डावखुरा फिरकीवाला धाव घेत होता. मी तोंड मिटलं.

ते षटक गेलं. पुढचंही गेलं. मग त्याने एक चेंडू जरा उंच सोडला. पोरगं पुढे आलं, चेंडू वळला, उसळला, हातमोज्याला लागून पुढे उडाला आणि शॉर्ट लेगचा खेळाडू उजवीकडे आडवा झाला. त्याची बोटं गवतात गेली असं मला वाटलं. मग हात वर आला. हातात चेंडू होता.

काय तो आवाज! पोरांनी मला खुर्चीसकट उचलायचंच बाकी ठेवलं. मी ओरडत होते की रडत होते, मलाच कळेना. चितगावचे आजोबा उठले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अच्छा खेला दीदी, दोनों अच्छा खेला," आणि तडक बाथरूमकडे धावले.

गर्दीतून हे आले. हातात चहाचा कागदी कप, अर्धा सांडलेला. तोंडभर हसू आणि डोळे माझ्या तोंडावर.

"कशी पडली गं?"

"थांबा," मी म्हटलं, "रिप्ले दाखवतील."

त्यांचा चेहरा असा पडला की मला राहवेना. मग मी सगळं सांगितलं, हातांनी करून दाखवलं, शॉर्ट लेगसारखी वाकायला गेले तर गुडघा कळवळला. स्क्रीनवर खरंच रिप्ले लागला होता, पण हे तिकडे बघतच नव्हते.

निघताना गेटवर त्या पोलीसबाईने डबा धुऊन परत दिला. "लड्डू बढ़िया थे. मैच देखा पूरा?"

"एक विकेट कम," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत कोटा येईपर्यंत यांनी मला तीनदा विचारलं, तो उजवीकडे गेला की डावीकडे. मीही तीनदा सांगितलं. सांगण्यातही केवढी मजा असते! ही मजा इतकी वर्षं एकट्या यांच्या वाट्याला आली होती.

कराडला पोचलो त्या संध्याकाळी दीर आले, शेजारी आले. मी सवयीने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. बाहेर दीर विचारत होते, "दादा, शेवटची कशी पडली? टीव्हीवर नीट दिसलीच नाही. सांग ना."

यांचा आवाज आला, "मला काय विचारतोस? मी बाहेर होतो. हिला विचार."

मी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले.