क्वार्टरमागचा धोतरा

आमगावच्या फलाटावर माय बाकावरून उठायला तयार नव्हती. बॅगा मी डब्यात ठेवून आले होते, गाडी सुटायला चार-पाच मिनिटं उरली होती, आणि ती दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसली होती.

"सुनंदा, मी उद्या येते," ती म्हणाली. "आज राहू दे."

घराला कुलूप लागलं होतं. किल्ली काकूकडे दिली होती, शेळी काकूच्याच गोठ्यात बांधली होती. उद्या तिला आणून सोडणारं कोणी नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला जवळजवळ उचलूनच डब्यात चढवलं.

हे तुमच्यासाठी लिहिते आहे, जे गावातच राहिलात आणि फोनवर विचारता, "माय रमली का तिथं?" आणि त्यांच्यासाठीही, जे माझ्यासारखे भिलाई-दुर्गला येऊन राहिले आणि आता मागं उरलेल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन यायच्या विचारात आहेत. आणू नका असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे काय झालं तेवढं सांगते.

बाबा जाऊन आठ महिने झाले होते. मी एकुलती एक. चरोद्याच्या रेल्वे यार्डाच्या ऑफिसात माझी नोकरी, नवरा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, राहायला रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर. मायला दमा. गावात तो तिनं चाळीस वर्षं स्वतःच सांभाळला होता, धोतऱ्यावर. परसात, उकिरड्याच्या कडेला धोतरा आपोआप उगवायचा. त्याची पानं ती सावलीत सुकवून ठेवायची. दम लागला की चुलीतले दोन निखारे खापरीत घ्यायचे, त्यावर पानाचा तुकडा टाकायचा आणि जरा लांबूनच धूर घ्यायचा. तेवढ्यानं तिचा ऊर मोकळा व्हायचा. गुडघा सुजला की तेल लावून गरम केलेलं पान बांधायची. माझ्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा पानांचा रस तेलात कढवून लावला होता, आणि तो डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळाला फडकं घट्ट बांधलं होतं. एकदा आम्ही पोरी धोतऱ्याची काटेरी फळं फोडून भातुकलीत बिया वाढत होतो, तर तिनं येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला आणि माझे हात राखेनं घासून काढले. "तोंडात गेलं का मानूस येडा होते," असं ती म्हणाली होती. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर पुष्कळांनी ती अडाणी होती असं म्हणून विषय संपवला.

चरोद्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं गॅसवर तवा ठेवून त्यावर पान टाकलं. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तो उग्र धूर कोंडला. मी ऑफिसातून आले तर दार उघडताच खोकल्यानं वाकले. खिडक्या उघडल्या, तवा बाहेर नेऊन टाकला.

"माय, इथं धूर नाई कराचा," मी म्हटलं. "आपन डॉक्टरले दाखवू. पंप देते तो."

"बरं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तोंडात औषध फवारायचा पंप दिला. तो कसा घ्यायचा ते मी रोज दाखवायची. माझ्यासमोर ती घ्यायची, पण अर्धा फवारा बाहेरच जायचा. त्या 'फुस्स' आवाजाची तिला भीती वाटायची. सवय लागली की सुटणार नाही, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी ड्युटीवर गेल्यावर ती पंपाला हात लावत नव्हती, हे मला खूप उशिरा कळलं. तिची सुकवलेली पानं संपली होती. पण धोतरा इथंही होताच. क्वार्टरच्या मागं, नाल्याच्या कडेला, यार्डाच्या भिंतीपर्यंत त्याची झुडपं पसरलेली. पानांवर काळपट धूळ, फुलं मात्र गावासारखीच पांढरी.

थंडीचे दिवस होते. त्या दिवशी अडीचच्या सुमारास मी घरी आले तर दार नुसतं लोटलेलं होतं. माय स्वयंपाकघरात फरशीवर बसून काहीतरी वेचत होती. दोन बोटांनी उचलायचं आणि पदरात टाकायचं. पदर रिकामा होता.

"माय, काय करून राहिली?"

"मोहफुलं," ती मान वर न करता म्हणाली. "आज बहुत पडलीत."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. मग तिनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत बुबुळाचा तपकिरी रंग राहिलाच नव्हता, नुसती काळी बाहुली. तोंड लाल झालं होतं, ओठ कोरडे पडून चिरले होते. मी हात धरला तर अंग तव्यासारखं तापलेलं. तिनं हात हिसकावून घेतला आणि माझ्याकडे अनोळखी बाईकडे पाहावं तसं पाहिलं.

मी धावत जाऊन शेजारच्या साहू दीदीला हाक मारली. नवऱ्याचा फोन लागत नव्हता. दीदीनं ऑटो आणला, आम्ही दोघींनी मायला मध्ये बसवलं. वाटभर ती हवेतलं काहीतरी पकडत होती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. "कब से ऐसा है? गिरी थीं? शुगर है? पहले कभी दिमाग की तकलीफ?" मी सगळ्याला नाही म्हणत होते. नाडी फार वेगानं चालली आहे, मेंदूचा स्कॅन करावा लागेल, पक्षाघात असेल किंवा मेंदूत ताप गेला असेल, असं तो म्हणाला. मी कुठं कुठं सह्या केल्या मला आठवत नाही. मायला कॉटवर धरून ठेवायला दोन सिस्टर लागत होत्या. मध्येच ती शांत झाली आणि तिनं माझं मनगट पकडलं.

"बाई, तू कोनाची वो?"

"माय, मी सुनंदा."

"सुनंदा माही पोरगी हाय," ती म्हणाली. "ते येऊन राहिली मले न्याले. भिलाईले. तिले सांगजो, मी घरी नाई म्हनून."

मला गप्प बसायला हवं होतं. पण मी विचारलं, "काऊन?"

"तिथं मले श्वास नाई पुरत." मग तिनं आवाज खाली केला. "पन हे तिले नको सांगू. तिचा जीव थोडा होते."

ही मरते आहे ही भीती होतीच. आता दुसरी आली, की मरताना ती मला ओळखणार नाही, आणि जे खरं आहे ते मला न सांगता एका परक्या बाईला सांगून जाईल.

डॉक्टरांनी जुने कागद मागितले म्हणून दीदीला मायजवळ बसवून मी घरी गेले. कागद घेतले. ओट्यावर एक पातेलं झाकलेलं होतं. झाकण काढलं. तळाशी काळपट हिरवं पाणी आणि त्यात शिजून लिबलिबीत झालेली पानं. तो वास मी ओळखला. तरी मनाला पटेना, म्हणून मायला 'दाई' म्हणणाऱ्या दीदीला फोन करून सकाळचं विचारलं.

"दाई तो सबेरे पीछे से धतूरा तोड़ के ला रही थी," ती म्हणाली. "हम सोचे घुटना में बाँधेगी."

पानं पिशवीत बांधून मी ऑटोत बसले. पण दवाखान्याच्या फाटकाशी माझे पाय थांबले. हे आता लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. धोतरा पोटात गेला म्हणजे पोलीस येणार. म्हाताऱ्या आईला घरी आणलं आणि विष पाजलं असं म्हणणार. कॉलनीत बोभाटा होईल, ऑफिसात होईल, गावात जाईल. पिशवी कचऱ्यात टाकावी आणि डॉक्टरांना त्यांचं शोधू द्यावं, असं माझ्या मनात खरोखर आलं. मी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. आतून कुणाचा तरी ओरडण्याचा आवाज आला, तो मायचा नव्हता, पण मी धावत आत गेले.

डॉक्टरनं पिशवीत पाहिलं आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला. "अच्छा हुआ ले आईं," तो म्हणाला. "अब पता है किससे लड़ना है." मग धावपळ सुरू झाली. तिला झोपेचं औषध दिलं, लघवी अडली होती तिची नळी लावली, नाडीवर सारखं लक्ष ठेवलं. पोलीसही आला. वयस्कर, थकलेला माणूस. त्यानं विचारलं, "किसने पिलाया?"

"किसी ने नहीं," मी म्हटलं. "मैंने घर में धुआँ मना किया था."

पहिलं वाक्य त्यानं लिहून घेतलं. दुसरं घेतलं नाही.

संध्याकाळी नवरा आला आणि माझ्याशेजारी बसून राहिला. दोन दिवस माय आमची नव्हती. ती बाबांशी बोलत होती, शेळीला हाकलत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले आणि कुरकुरत म्हणाली, "सुनंदा, माहा चष्मा कुठी ठेवला? काई दिसून नाई राहिलं." मी वऱ्हांड्यात जाऊन भिंतीला टेकून रडले.

तिला काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते फक्त आधीचं. "दम बहुत लागला होता," ती सांगत होती. "धूर कराचा नाई म्हनलं होतं तुनं. मंग म्या वाफ घेतली. वाफेनं काई नाई झालं. मले मालूम होतं वो, पोटात घ्याचं नसते. पन जीव घाबरला. दोन घोट घेतले."

चूल असती तर तिनं निखारा घेतला असता. डॉक्टरांच्या मते तो धूरही धोक्याचाच होता. एका झाडाच्या पानात किती विष आहे आणि दुसऱ्याच्या किती, कुणी सांगू शकत नाही. ते खरं असेल. पण धूर बंद करताना त्याच्या जागी मी काय दिलं, आणि ते तिच्या हातात बसलं का, हे मी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर मी हातात जुने मोजे चढवून मागची झुडपं उपटायला लागले. दीदी कुंपणाशी येऊन म्हणाली, "थोड़ा रहने दो, सोमवार को महादेव को चढ़ाते हैं." मी एक ठेवलं नाही. जून संपता संपता सगळी पुन्हा उगवली.

महिनाभर मी तिला विचारायला धजत नव्हते. एका दुपारी, भाजी निवडताना, विचारलं. "माय, गावाले जाचं का?"

तिचा हात थांबला. "काऊन? जड झाली का मी तुले?"

"नाई वो."

"मंग असं काऊन इचारते?" तिचे डोळे घाबरले होते. "तिथं एकटीले दम लागला त कोन हाय मले?" निवडलेली भाजी टोपलीत टाकत तीच म्हणाली, "पन जाचं मन होते."

तिनं दवाखान्यात काय सांगितलं होतं ते मी तेव्हाही बोलले नाही, आजही नाही. तिनं नको म्हटलं होतं.

आता दिवाळीनंतर ती गावी जाते आणि उन्हाळा लागायच्या आत परत येते. पंप ती आता नीट घेते. काकूच्या सुनेला मी तो शिकवून ठेवला आहे. ती गावी असते तेव्हा माझा जीव फोनवर टांगलेला असतो. ती इथं असते तेव्हा तिच्या छातीवर दडपण असतं, मला दिसतं, ती सांगत नाही. घर म्हणजे निर्धास्त झोपायची जागा, असं मी लहानपणापासून समजत आले. आम्हाला दोघींना तशी जागा कुठंच उरलेली नाही. वर्षाचे महिने आम्ही वाटून घेतले आहेत, काही तिनं भ्यायचे, काही मी.

परवा तिला आणायला जायचं आहे. काल तिनंच फोन केला. अंगणात बसली असावी, मागं कोंबड्यांचा आवाज होता. "येजो," ती म्हणाली. "पन सकाळच्या गाडीनं नको येऊ. दुपारच्यानं ये. तेवढाच अर्धा दिवस भेटते मले."